राखणीचं पीस

पिसावर तिरपा उजेड पाडला की त्यावर आडव्या रेषा दिसतात. एक फिकट, एक गडद, पुन्हा एक फिकट. सरळ उजेडात त्या दिसत नाहीत. पीस चिमट्यात धरून खिडकीकडे थोडं कलवावं लागतं आणि आपला श्वास त्यावर पडणार नाही याची काळजी घ्यावी लागते. फिकट आणि गडद अशी एक जोडी म्हणजे पिसाच्या वाढीतला साधारण एक दिवस आणि एक रात्र. या पिसावर जोड्यांची रुंदी बहुतेक सारखी होती, फक्त मधे एका ठिकाणी ती आवळल्यासारखी झाली होती. म्हणजे त्या दिवशी त्या पक्ष्याला पोटभर मिळालं नव्हतं. वारा सुटला असेल, पाऊस लागला असेल, किंवा शिकारीला गेलेल्या आईबापांपैकी कुणाला परतायला उशीर झाला असेल. हिंगोलीच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, पहिला तास सुरू व्हायच्या आधी, अंजली त्या एका उपाशी दिवसाकडे पाहत उभी होती, तेव्हा शिपाई किसनसिंग दारात येऊन म्हणाला, "मॅडम, हैदराबादचा फोन हाय. त्या बाई निस्त्या हसून राहिल्या, नाव सांगेनात."

हसणारी बाई म्हणजे दीपमाला. हैदराबादच्या ज्या प्रयोगशाळेत अंजलीनं पीएच.डी. केली होती, तिथेच दीपमाला अजून होती, आणि अंजलीनं हिंगोलीहून पाठवलेली पिसं तीच यंत्रावर चढवत असे. ऑफिसातला फोन प्राचार्यांच्या केबिनबाहेर, कपाटाला खेटून होता. तिथे उभं राहून बोलायचं म्हणजे पाठीला कपाटाची मूठ टोचायची.

"बसलीयेस की उभी आहेस?" दीपमालानं विचारलं.

"उभी. इथे खुर्ची नसते."

"मग कशाला तरी धर. तुझी सगळी पिसं झाली. बाकीची जिथली असतील असं तू म्हणत होतीस तिथलीच आहेत, लांब उत्तरेची. पण अकरा नंबर."

"खराब झालं?"

"खराब कसलं! तीनदा चालवलं मी. अकरा नंबर तुमच्या हिंगोलीचं आहे गं. ते पीस तिथे उगवलंय."

कपाटाची मूठ टोचत होती, आणि अंजलीला ती टोचतेय हे कुठून तरी लांबून कळत होतं. तिनं यंत्राचा आकडा विचारला. दीपमालानं सांगितला. तिनं पुन्हा विचारला. दीपमालानं पुन्हा सांगितला आणि मग आवाज बदलून म्हणाली, "आणि हे बघ, कझाकस्तानात बोलावणाऱ्या त्या लोकांनी परत विचारलंय. सोमवारपर्यंत हो की नाही ते सांग. या वेळी 'तिचा विचार चाललाय' असं मी कळवणार नाही. दोनदा कळवलंय, आता मला लाज वाटते." "बरं," अंजली म्हणाली. पण तिच्या कानात आकडाच होता.

ती प्रयोगशाळेत परत आली. चिमट्यातलं पीस पाकिटात ठेवलं आणि वर्गावर गेली. फळ्यावर समीकरण लिहिताना खडू मोडला, आणि खाली पडलेला तुकडा उचलताना तिच्या लक्षात आलं की पुढच्या बाकावरच्या दोघी मुली एकमेकींना कोपरानं ढोसून हसताहेत. मॅडम हसत होत्या म्हणून त्या हसत होत्या. मॅडम सहसा हसत नसत. म्हणजे रागीट होत्या असं नाही. काचेच्या भांड्यात रंग बदलेपर्यंत एकेक थेंब सोडायचा, तसं त्या बोलत. आज तो नळ थोडा जास्त सुटला होता. संमेलनात नाव पुकारल्यावर एखादं पोरगं कसं घाईघाईनं स्टेजवर चढतं, तसा तो आनंद तिच्या छातीत वर चढत होता, आणि त्याला थोपवायचं कारण तिला सापडत नव्हतं.

अकरा नंबर इथलं. किती साधं वाक्य! आणि त्याच्यामागे केवढा मोठा रस्ता. ढग समुद्रावरून निघतात तेव्हा त्यांच्या पाण्यात थोडा जड हायड्रोजन असतो, आणि जड असल्यामुळे तो आधी पडतो. ढग जसजसे आत आत आणि थंडीकडे जातात, तसतसं त्यांच्यात हलकं पाणी उरतं. म्हणून उत्तरेकडच्या लांबच्या मैदानांवर पडणारा पाऊस आपल्याकडच्या पावसाहून हलका असतो. ते पाणी गवत पितं, गवत नाकतोडा खातो, नाकतोड्याला पक्षी खातो, आणि पक्ष्याच्या अंगावर पीस उगवतं तेव्हा त्या पाण्याची खूण पिसात बसते. पीस पूर्ण वाढलं की मेलं. मग पक्षी हजारो मैल उडो, डोंगर ओलांडो, पिसातली खूण बदलत नाही. पक्ष्याच्या पायात कडं घालायला नको, त्याला पकडायला नको, त्याला कळायलाही नको. त्यानं टाकून दिलेलं उचलायचं, धुवायचं, जाळायचं आणि वाफेतलं वजन मोजायचं. अंजलीला या पद्धतीतलं हेच आवडत असे. कुणाला धक्का न लावता विचारलेला प्रश्न.

तिचे पक्षी भोवत्या जातीचे. सडपातळ, लांब पंखांचे, गवतावरून इतके हलके जातात की उडताहेत की कुणी सुतानं ओढतंय कळू नये. थंडीत ते कळमनुरीकडच्या तिच्या गावाच्या माळावर येतात आणि अंधार पडायच्या आत गवतात उतरून रात्र काढतात. ते आपली पिसं बहुतेक तिकडे, उन्हाळी मुक्कामी बदलतात. थोडी इकडेही येत असावीत, असं पुस्तकांत म्हटलं होतं. पण तिच्या माळावर तसं कुणी दाखवलं नव्हतं. अकरा नंबरनं दाखवलं होतं. कझाकस्तानातल्या मैदानावर जन्मलेल्या एका पाखराच्या छातीवर, इथल्या नाकतोड्यांच्या जिवावर, इथल्या पाण्याचं एक पीस आलं होतं. लहानसं, तपकिरी, बोटाच्या पेराएवढं.

तास संपला. दुपारी तिला काम नव्हतं. ती घरी न जाता उलट्या दिशेनं, कयाधूच्या पुलाकडे चालत गेली. फेब्रुवारीचं ऊन अंगावर येत नव्हतं, नुसतं शेजारून चालत होतं. गावाबाहेर कुठेतरी हळद शिजत होती. शिजत्या हळदीचा वास धड गोड नसतो, धड कडू नसतो, मातीला ताप आल्यासारखा असतो. लहानपणी तिला तो आवडायचा नाही आणि आज तिनं तो मुद्दाम खोल घेतला. पुलावर एक माणूस सायकलला झोळीत बकरीची दोन पिल्लं बांधून चालला होता. एका पिल्लाचं डोकं झोळीतून बाहेर आलं होतं, आणि ते जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येकाकडे, ओळख पटवून घेत असल्यासारखं पाहत होतं. ती त्या पिल्लाकडे पाहून हसली. ते तिच्याकडे पाहून बें करून ओरडलं. सायकलवाला म्हणाला, "घ्याचं का ताई? बोलून राहिलं तुमच्याशी."

तिचे वडील मसाजी असेच बोलले असते. मेंढ्या राखणारा माणूस. चार लोकांत गप्प बसायचा, पण जनावराच्या आणि पाखराच्या वतीनं खूप बोलायचा. ती आठ वर्षांची असेल, माळावर वाघूर, मेंढरं कोंडायची जाळी, लावलेली होती, मेंढरं आत घालून झाली होती, आणि मसाजीनं तिला पोत्यावर बसवून म्हटलं होतं, "गप बस. पाव्हणे यायचे हायेत." मग सूर्य गवताला टेकला आणि ते आले. आधी एक, लांबून, काही घाई नसल्यासारखा. मग तीन. मग जिकडे पाहावं तिकडून, इतके की आभाळ हळूहळू ढवळल्यासारखं वाटायला लागलं. सगळे एका जागेभोवती फिरत होते, आणि कुणी ओरडत नव्हतं. एवढी गर्दी आणि एवढी शांतता तिनं कुठेच पाहिली नव्हती. लग्नात नाही, बाजारात नाही, औंढ्याला नागनाथाच्या यात्रेत तर नाहीच. मग एकेक करून ते गवतात उतरले, दिवा मालवावा तसे, आणि माळ पुन्हा नुसता माळ झाला. "कुठून येतेत?" तिनं विचारलं होतं. "मला काय म्हाईत," मसाजी म्हणाला. "इचारलं न्हाई कधी. आल्या पाव्हण्याला कुठून आलास म्हून इचारू न्हाई." तिनं मात्र विचारलं. पुढची सगळी वर्षं तेच विचारण्यात गेली: नांदेडला बी.एस्सी., औरंगाबादला एम.एस्सी., हैदराबादला पीएच.डी. आणि विचारता विचारता ती पुन्हा इथेच येऊन बसली, कारण पाव्हणे इथेच येत होते.

हैदराबादला पहिल्यांदा जाण्याची गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. मसाजीला माहीत होती, पण मसाजी आता नव्हता. वारंगा फाट्यावर दोघं उभी होती. नांदेडमार्गे हैदराबादला जाणारी गाडी आली, मसाजीनं ट्रंक टपावर चढवली, ती आत बसली. तिकीट काढलं. आणि कंडक्टरनं घंटा मारायच्या आत ती उठली आणि खाली उतरली. का, ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. गाडी सुटली, ट्रंक टपावरच होती. रस्त्यापलीकडे हॉटेलात मसाजी चहा बशीत ओतत होता. त्यानं वर पाहिलं, धूळ खाली बसली, आणि धुळीत आपली लेक उभी. त्यानं अजून एक चहा सांगितला. चहा झाल्यावर एका ट्रकवाल्याला हात केला, दोघं ट्रकमध्ये बसून नांदेडच्या स्टँडवर गाडी पुढे सुटायच्या आत पोचली, आणि तिथे तिला त्याच गाडीत, त्याच सीटवर बसवून तो खिडकीखालून म्हणाला, "ट्रंकीला सोबत नको का?" एवढंच. ती गेली. गेल्यावर काहीही झालं नाही. गेल्यावर सगळं छान झालं. पण त्या धुळीत उभं राहिल्यावर पायांत जी एक गार मऊ कळ आली होती, ती तिला अजून आठवत असे, आणि आठवली की ती भलतंच काहीतरी काम काढून बसे.

पुलाच्या कठड्याला टेकून ती पाण्याकडे पाहत होती, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपण मनात एक उत्तर तयार करतोय. दीपमालाला द्यायचं. नेटकं, दोन-तीन वाक्यांचं. अकरा नंबरच्या निकालामुळे आता प्रश्न इथेच आहे. इथे पिसं उगवतात हे कळलं आहे, तर ती केव्हा उगवतात, किती उगवतात हे इथे राहूनच पाहायला हवं. त्यामुळे सध्या येणं शक्य दिसत नाही. उत्तरात एकही शब्द खोटा नव्हता. ते लोक, पक्ष्यांचेच अभ्यासक, तिला दोन उन्हाळे कझाकस्तानात बोलावत होते. तिथल्या गवतात, घरट्यांतल्या पिल्लांची पिसं गोळा करायला. भोवत्याच्या प्रवासाचं हे टोक जाणणारं माणूस त्यांना हवं होतं. पहिल्या वेळी तिनं परीक्षांचं कारण सांगितलं होतं, दुसऱ्या वेळी आईचं. दोन्ही कारणं खरी होती. आणि आता हे तिसरं, सगळ्यांत खरं. तिला आनंद झाला. मग त्या आनंदात काहीतरी खुपलं. भाजीत खडा लागावा तसं. आनंद झाला तो अकरा नंबरमुळे, की जायला नको म्हणून? कॉलेजात सगळे जा म्हणत होते. भाऊ शिवहार कळमनुरीहून येऊन सांगून गेला होता की आईला मी नेतो. आईसुद्धा जा म्हणाली होती, आणि वर असंही म्हणाली होती, "माझ्या नावावर खपवू नको." अडवणारं कुणीच नव्हतं. तीच तर अडचण होती. अकरा नंबर नेमकं वेळेवर आलं होतं. तिनं तो खडा जिभेनं बाजूला सारला आणि घराकडे वळली.

घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या आणि पुढे अंगण. अंगण होतं म्हणूनच आई, सत्यभामाबाई, गाव सोडून आली होती. अंगणात दोन बकऱ्या होत्या आणि कोंबड्या होत्या, आणि संध्याकाळी शेजारच्या चतुराबाई होत्या. आत्ताही त्या होत्या. दोघी तूर निवडत बसल्या होत्या, म्हणजे सत्यभामाबाई निवडत होत्या आणि चतुराबाई बोलत होत्या.

"काहून गं अंजे," आई मान वर न करता म्हणाली, "चालच येगळी ऐकू येऊन राहिली. सायेब लोकायनं पगार वाढवला का?"

"पगार कुठला, माय." अंजली पायरीवर बसली. घरी आली की तिची भाषा आपोआप बदलत असे, चपला काढाव्या तशी. "पाखराचा निकाल आला."

"पास का नापास?" चतुराबाईंनी विचारलं.

"पास, मावशी. लई मोठा पास." आणि तिनं सांगायला सुरुवात केली. कधी नव्हे ती हात हलवून सांगत होती. ढग कुठून निघतात, पाणी कसं हलकं होतं, पिसात ते कसं राहतं. बाकीची पाखरं तिकडची. पण एक पीस, एकच, इथे उगवलेलं. त्या पाखराच्या अंगावर हिंगोलीचं पाणी. सांगता सांगता तिला जाणवलं की चतुराबाई तोंड उघडं टाकून ऐकताहेत आणि आईचा हात सुपात थांबलाय.

"कोन्त्या पाकिटातलं म्हणालीस?"

"अकरा नंबर."

"नंबर मला काय समजतेत. एक कोपरा खळीनं चिटकवलेलं, तेच का?"

अंजलीला तो कोपरा आठवला. पिसं धुवायला काढली तेव्हा पाहिला होता. गव्हाच्या खळीनं लावलेला कागदाचा तुकडा. आपणच कधीतरी लावला असेल असं समजून ती पुढच्या पाकिटाकडे वळली होती. पाकिटावरचा आकडा वाचला होता, पीस चिमट्यानं उचललं होतं, धुतलं होतं. पीस पाहिलं होतं का?

"तुला कसं म्हाईत?"

आईनं सुपातला एक खडा शोधून काढला आणि लांब फेकला. "त्यात तुजं पीस न्हाई. तांबडीचं हाय."

"कोन्ती तांबडी?" चतुराबाई म्हणाल्या.

"आपली. ती काय, बकरीच्या पाटीत बसली."

तिघींनी तिकडे पाहिलं. तांबडी कोंबडी पाटीतल्या पाल्यावर अंग फुगवून बसली होती. छातीवरची लहान तपकिरी पिसं उन्हात चमकत होती. तिनंही त्यांच्याकडे पाहिलं, एका डोळ्यानं, कोंबड्या पाहतात तसं.

"माय." अंजलीचा आवाज एकदम शांत झाला. "काहून केलंस?"

"काहून म्हंजी? तू शिवहारकडं गेलतीस, अन् हिकडं उंदरानं पाकीट फाडलं. पीस खाऊन बारीक काडी ठिवली निस्ती. जाताना काय म्हणालतीस? माय, ह्याच्यावर ध्यान ठिव. म्हणालतीस का न्हाई?"

"म्हणाले होते."

"मंग ते माझ्या राखणीत आलं. राखणीतलं कमी पडू द्याचं का? रंग मिळवून, आकार मिळवून, चांगलं बघून घातलं. तुजं तर झिजलेलं व्हतं."

"सांगायचं तरी!"

"भरून बी द्याचं अन् बोलून बी दाखवायचं?" आईला खरंच राग आला होता. "असलं आमच्या घरात न्हाई कोनी केलं."

आणि ते खरं होतं. आईचे वडील संतराम स्वतःच्या मेंढ्यांबरोबर लोकांच्या मेंढ्या राखत. एकदा लांडग्यानं माळावरून एक मेंढी नेली. गावातल्या लालसिंगाची, राखणीला दिलेली. संतरामनं कुणाला न सांगता आपल्या कळपातली तशाच कानांची, तशाच रंगाची, उलट जरा थोराडच मेंढी तिच्या जागी घातली. कातरणीच्या वेळी लालसिंग आला, मेंढ्यांना हाक मारली. बाकीच्या वळल्या, ही एक संतरामच्या पायाला येऊन चिकटली. "संतराम, माझी मेंढी तुला काहून चिकटती?" "राखणारा म्या हाय," संतराम म्हणाला. "तुला चिकटंल का?" बस. आई ही गोष्ट वर्षातून एकदा तरी सांगत असे. लांडग्याची म्हणून नव्हे. लालसिंगाला शेवटपर्यंत कळू दिलं नाही, या अभिमानानं. अंजलीनं ती शंभरदा ऐकली होती, आणि पिसांचा डबा आईच्या हवाली करताना ती तिला एकदाही आठवली नव्हती.

"अजून कुठं भरलंस?" तिनं विचारलं.

"एकच खाल्लं उंदरानं. एकच भरलं. बाकीची तुजी तुला बराबर हायेत. माझ्यावर इस्वास न्हाई का?"

विश्वास होता. तोच तर होता. म्हणजे अकरा नंबर गेलं. इथल्या नाकतोड्यांवर वाढलेलं पीस गेलं; ते या अंगणातल्या ज्वारीवर आणि हौदातल्या पाण्यावर वाढलं होतं. दुपारचा सगळा आनंद, पूल, हळद, झोळीतलं पिल्लू, सगळं एका कोंबडीच्या छातीवर उभं होतं. अंजलीनं डोळे मिटले. आता रडू येईल असं तिला वाटलं, आणि तिनं त्याची वाट पाहिली, पण आलं ते भलतंच. ते आधी नाकात आलं, मग खांद्यांत, आणि मग ती पायरीवर वाकून, पोट धरून हसत होती. आवाज न होता, मग आवाज होऊन, मग बकऱ्या दचकून उठेपर्यंत.

"येडी झाली का काय ही," आई म्हणाली.

"माय," हसू आवरत, डोळे पुसत ती म्हणाली, "दीपमालाला न्हाई म्हाईत. मला न्हाई म्हाईत. कोनालाच न्हाई म्हाईत ते कोंबडीचं हाय म्हून. अन् मशिनीनं वळखलं! आम्ही सगळ्यांनी पाखराचं म्हून दिलं, अन् मशीन म्हणाली, न्हाई, हे हिंगोलीचं."

हे तिनं हसता हसता म्हटलं, आणि म्हटल्यावर ती एकदम सरळ बसली. पद्धत खरी आहे की नाही हे पाहायचं, तर तपासणाऱ्याला न सांगता मधे एक ओळखीचा नमुना सरकवतात. ते करायचं तिच्या मनात दोन वर्षं होतं. जमलं नव्हतं, कारण तिला स्वतःपासून काही लपवता येत नसे. आईनं उंदराच्या निमित्तानं ते केलं होतं. तीनदा चालवलं, तीनदा तांबडी पकडली गेली. म्हणजे बाकीच्या पिसांबद्दल यंत्र जे सांगत होतं तेही भरवशाचं होतं. ती खरंच लांबची होती. किती लांबची, मैदानाच्या कुठल्या कडेची, हे मात्र इथे बसून कळणार नव्हतं. त्यासाठी तिकडचं ओळखीचं पीस हवं. घरट्यातल्या पिल्लाचं.

"म्हंजी हैदराबादच्या मशिनीला कळलं," चतुराबाई सावकाश म्हणाल्या, "का ही कोंबडी हिंगोलीची हाय म्हून?"

"व्हय, मावशी."

"मंग ती अंडं काहून देईना, ते बी इचारायचं व्हतं की."

आता आईसुद्धा हसली. सूप बाजूला ठेवून, पदर तोंडाला लावून हसली. तांबडी पाटीतून उडी मारून उतरली आणि आपल्यावर चाललंय हे समजल्यासारखी, एकेक पाय उचलत भिंतीकडे गेली. तिकडून संध्याकाळ येत होती. माळावर आत्ता उतरायला लागले असतील, अंजलीला वाटलं. अजून महिनाभर. मग ते जातील, कुणाला न विचारता, आणि ती इथे त्यांची टाकलेली पिसं वेचत राहील. आयुष्यभर ती त्यांच्या येण्यावर जगली होती. ते येतात, आपण कधी त्यांच्याकडे गेलो नाही. दुपारी पुलावर तयार केलेलं उत्तर तिनं मनात पुन्हा उघडून पाहिलं. त्यातलं पहिलं वाक्य पडलं होतं, आणि त्याच्या आधारानं उभी असलेली बाकीचीही पडली होती. परीक्षा नव्हत्या. आई समोर बसून हसत होती, तिच्या आधाराला शिवहार होता, चतुराबाई होत्या. आता काहीच उरलं नव्हतं, फक्त पायांतली ती गार मऊ कळ. ती आत्ताही आली होती. तिनं ती नीट न्याहाळली. वाटत होती तेवढी मोठी नव्हती.

"मंग दीपमालेला काय सांगतीस आता?" आईनं डोळे पुसत विचारलं. "कोंबडीचं सांगू नको बाई. लोक मलाच हसतेल."

"कोंबडीचं तर सांगणारच. तेच पयलं सांगणार."

"अन् तिकडं जाण्याचं?"

अंजलीनं सुपातली मूठभर तूर हातात घेतली, पुन्हा सुपात सोडली. दोनदा तोंडाशी येऊन परत गेलेलं वाक्य तिसऱ्यांदा तोंडाशी आलं, आणि या वेळी तिनं त्याच्या मागे कारण शोधलं नाही.

"जाते, माय," ती म्हणाली. "मला भ्या वाटतं, पण मला जायचंय. सोमवारी हो म्हून सांगते."